अस्तर

महिन्यातून दोनदा, सारसोळ्याच्या जेट्टीवर,
आम्ही कधी नऊ जण, कधी पाच.
वेळ फोनवर ठरत नाही. चांगुणाकाकी
बोटांच्या पेरांवर तिथी मोजते
आणि म्हणते, "आज बीज. सातला सुकती. मंग गालान उतरू."
चंद्रावरून पाण्याची वेळ काढता येते, हे मला
नेरुळात एकवीस वर्षं राहून
आत्ता आत्ता कळलं.

पहिल्या दिवशी तिवराखाली अडकलेली पिशवी
मी ओढली, दोऱ्याचं टोक ओढावं तशी.
काकी केवढ्यानं ओरडली,
"आगो, खेचू नको! ती झारांची नाकां हान.
तुजा नाक कोनी असा पिलला तं?"
मग खाली नीट पाहिलं.
गाळातून वर आलेल्या हजारो पेन्सिली,
सरळ, करड्या, भरतीला बुडणाऱ्या,
आणि प्रत्येकीला काहीतरी गुंडाळलेलं.
दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी,
कुणाच्या तरी पूजेतला चकचकीत हार,
थर्माकोलचा अर्धा मोर.

तेव्हापासून दुकानातली कात्री आणते.
मोठी नाही, काजांची, बारीक टोकाची.
एक वेढा कापायचा, सोडवायचा, दुसरा शोधायचा.
उसवणं मला येतं.
टाका जावा, कापडाला कळू नये,
इथेही बास तेवढंच.

कुट्टप्पन सर जेट्टीच्या कड्याला ताणकाटा टांगतात,
प्रत्येक गोणीचं वजन वहीत लिहितात.
बँकेतून रिटायर झालेत.
खाडीचं पासबुक भरतोय, म्हणतात.
रामसजीवन रात्रपाळी संपवून
वॉचमनच्या युनिफॉर्मातच येतो.
एकदा पहाटे तीनला त्याने डेब्रिजचा डंपर पाहिला,
दिवे बंद, तिवरांकडे मागे मागे सरकणारा.
कागद नव्हता. नंबर तळहातावर लिहिला
आणि चौकीत कुणी विचारेपर्यंत
तो हात धुतला नाही.
पलीकडे रोहित पक्षी उतरलेले असतात.
फोटो काढायला येणारे
आमच्याकडे पाठ करून उभे राहतात.
चालायचंच.

मग एका सकाळी कात्रीत आली एक पट्टी.
मोरपिशी. तीन बोटं रुंद.
कडेला नागमोडी दात.
तसे दात पाडणारी कात्री या गल्ल्यांत माझीच.
गेल्या नवरात्रात चाळीस घागरे, एकाच मंडळाचे,
अस्तराचे दोन ठाण वाशीहून आणले होते.
चिंध्या काळ्या पिशवीत,
पिशवी नाल्याच्या कठड्यावर,
गाडी येईल उचलायला.
गाडी आलीही असेल.
वारा आधी आला असेल.

इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं.
पट्टी खिशात कोंबली चोरासारखी.
दोन मुळं तशीच पुढे गेले, मग राहवेना,
काकीला दाखवली.
ती निवट्यांच्या उड्या बघत होती.
म्हणाली, "माजे दादल्याचा जाला पन हाय यान. नायलॉनचा.
काप तू."

अस्तर कुणाला दिसत नाही.
गिऱ्हाईक वरच्या कापडाचा भाव विचारतं, वरचीच नक्षी.
पण उन्हात, घामात, ताणात
वरचं कापड टिकतं ते आतल्याच्या जिवावर.
उधाणाच्या रात्री पाणी आमच्या सेक्टरकडे निघतं तेव्हा
मध्ये कोण उभं असतं,
ते मी हल्ली खिडकीतून बघते.
अंधारात काही दिसत नाही, तरी.

पट्टी मशीनच्या खणात आहे.
तीनदा धुतली, गाळाचा वास जात नाही.
आता ब्लाउजची घडी देताना
आत त्याच्या चिंध्याही बांधून देते.
बायका भांडतात.
देशमाने वहिनी तर परवा पायरीवरून परत आल्या,
"अगं, हे काय? या कशाला आम्हाला?"
"तुमच्याच आहेत," म्हटलं,
"मापातल्याच."